नखाएवढा घोडा

तीर्थस्वरूप मामांना ढापण्याचा वाकून नमस्कार. (वाकलो मनातल्या मनात. सध्या कंबर धरली आहे, त्यामुळे वाकणं आणि परत सरळ होणं ही दोन वेगळ्या दिवसांची कामं झाली आहेत.) तुमची तब्येत कशी आहे, असं रीतीप्रमाणे विचारायला हवं. पण दर रविवारी ताईचा, म्हणजे तुमच्या लेकीचा, फोन येतो आणि ती तुमचा अहवाल एका दमात वाचून दाखवते: गुडघा बरा, खोकला कमी, बुद्धिबळाचा पट अजून कपाटावरच. पहिल्या दोन गोष्टी ऐकून मला बरं वाटतं. तिसरी सांगून झाली की ती फोन ठेवते. पण रागावू नका, हे पत्र त्याबद्दल नाही. हे पत्र एका घोड्याच्या चित्राबद्दल आहे, आणि तिथे पोचायला थोडा वेळ लागेल, कारण मला सरळ बोलता येत नाही हे तुम्ही माझ्या लहानपणापासून सगळ्यांना सांगत आला आहात.

गेली चार वर्षं मी घरी बुद्धिबळ खेळणारा एक प्रोग्रॅम लिहितोय, हे तुमच्या कानावर आलंच असेल. या छंदातली माणसं त्याला इंजिन म्हणतात. आईला (तुमच्या धाकट्या बहिणीला, तिचाही नमस्कार) हे सांगितलं, तेव्हा धूर कुठून जाणार हा तिचा पहिला प्रश्न होता, आणि अजूनही मी ते चालू केलं की ती उठून खिडकी उघडते. दुकानात जायच्या आधी, सकाळी सहा ते आठ, मी गॅलरीत बसून लिहितो. लिहितो म्हणजे काय, त्यातला दीड तास मी समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींकडे बघत असतो. वारा आला की चादर फुगते, मग हळूहळू रिकामी होते, मग बराच वेळ काहीच होत नाही, आणि आपण इथे कशासाठी बसलो आहोत हेच मी विसरून जातो. आठवलं की अर्धी ओळ लिहितो. अशा अर्ध्या अर्ध्या ओळी साठत साठत इंजिन तयार झालं.

आता अशा इंजिनाला खेळायला शिकवायचं तर कुणाचे तरी डाव त्याच्यापुढे ठेवावे लागतात. बाकीचे लोक जगज्जेत्यांचे डाव ठेवतात. माझ्याकडे तुमच्या सात वह्या होत्या. (हो, त्याच. तुम्ही माळ्यावर शोधत होतात त्या. मी चार वर्षांपूर्वी उचलल्या, सांगायचं राहून गेलं. सुखरूप आहेत, एकीवर थोडी शाई सांडली आहे.) सातही वह्यांमधला एकेक डाव मी टाइप केला, अकराशे आणि वर काही. आणि मामा, ते तुमच्यासारखं खेळायला लागलं! वजीर घरातून लवकर काढायचा नाही, उंट उगीचच कोपऱ्यात नेऊन बसवायचा, प्यादं द्यायची वेळ आली की जिवावर यायचं, आणि डाव जिंकत आला की अशी घाई सुटायची की हातात आलेला डाव घालवून मोकळं. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो. मग माझं हसू गेलं, कारण काय राहिलं आहे ते माझ्या लक्षात आलं. वह्यांमध्ये चाली होत्या, पण मामी नव्हती.

मामीला बुद्धिबळातलं काही म्हणजे काही कळायचं नाही. हत्ती आणि उंट यांच्यातला फरक तिला शेवटपर्यंत पटला नाही. पण खेळताना तुमच्या कोपराशी चहाचा कप असायचा. तुमचा हात पटाकडे निघाला की तो तिला स्वयंपाकघरातून दिसायचा आणि ती तिथूनच म्हणायची, "सावकाश." ती कपासाठी म्हणायची. तुमचा हात मात्र हवेत थांबायचा, तुम्ही पुन्हा एकदा पटाकडे बघायचात, आणि आपण आत्ता एक घोडा फुकट देणार होतो हे तुम्हाला दिसायचं. असे किती डाव तिने वाचवले त्याची नोंद सातातल्या एकाही वहीत नाही. ती गेल्यावर तुम्ही क्लबात एकच डाव खेळलात. पंधराव्या चालीला वजीर घालवलात, सोंगट्या डब्यात भरल्यात आणि घरी येऊन पट कपाटावर टाकलात. मी भेटायला आलो आणि एक डाव टाकू या म्हणालो, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता मला पुढचं दिसत नाही रे." (चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाला असं कुणी म्हटलं की त्याच्या डोक्यात आधी नंबरच येतो. नंबर वाढला असेल, असं मी खरंच म्हणून गेलो. त्या उत्तराची मला अजून लाज वाटते आहे.)

घरी परत आल्यावर मी इंजिनात दहा-बारा ओळी वाढवल्या. चाल ठरली तरी लगेच खेळायची नाही. थांबायचं, पट पुन्हा पहिल्यापासून बघायचा, आणि मगच सोंगटी हलवायची. एवढ्याशा गोष्टीने हरत आलेले डाव सुटायला लागले. मला इतका आनंद झाला की मी त्याच दिवशी हौशी इंजिनांच्या स्पर्धेचा अर्ज मागवला. बारा माणसं, बारा इंजिनं, सगळा घरगुती मामला. अर्जात बऱ्याच गोष्टी विचारल्या होत्या, पण मी पहिल्या दोन रकान्यांवरच अडून बसलो. इंजिनाचं नाव काय आणि त्याचं चिन्ह कोणतं? मी चार वर्षं त्याला नुसतं "ते" म्हणत होतो.

स्पर्धेतली बाकीची नावं ऐकलीत तर तुम्ही दार लावून घ्याल. चक्रीवादळ आहे, कट्यार आहे, ज्वालामुखी आहे, एकाने तर थेट काळ ठेवलं आहे. (तो काळवाला गृहस्थ पोस्टात तिकिटं देतो आणि फोनवर फार हळू आवाजात बोलतो.) आमच्या घरात विचारलं तर बायकोने "सवत" सुचवलं, आणि ते सुचवताना तिने वर बघितलंसुद्धा नाही. दुकानातले डॉक्टर, म्हणजे डोळे तपासणारे, माझे मालक, म्हणाले की दुकानाचंच नाव द्या, तेवढीच जाहिरात. आईचं म्हणणं सगळ्यांहून वेगळं. नाव कागदावर कसं दिसतं याला काही अर्थ नाही, ते खिडकीतून हाक मारून बघावं लागतं. आम्हा चारही भावंडांची नावं तिने म्हणे अशीच पारखून घेतली होती. मग मी यादी करून दिली आणि ती दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत उभी राहून एकेक नाव खाली रस्त्यावर सोडायला लागली. "वादळ" म्हणून ओरडली, तशा समोरच्या इमारतीतल्या तीन बायकांनी भराभरा दोरीवरचे कपडे आत घेतले. "वजीर" म्हटल्यावर खालच्या न्हाव्याने वस्तरा हातात घेऊन बाहेर येत विचारलं, "काय काकू?" (त्याला कुणी वजीर म्हणत नाही. कुणीतरी म्हणावं असं त्याला वाटत असावं.) "विजेता" या नावाला कुणीच ओ दिली नाही. आई म्हणाली, "हे बघ, हे तर पहिल्याच फेरीत हरलं."

शेवटी तिचा घसा बसला. पाणी प्यायला ती वळली आणि टेबलाच्या कडेवर ठेवलेल्या पेल्याकडे तिने न बघताच हात नेला. माझ्या तोंडून निघून गेलं, "सावकाश." आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो. मग ती परत खिडकीशी गेली आणि तिने तीच हाक मारली, फार मोठ्याने नाही. खाली अंड्यांचे ट्रे लादलेला एक सायकलवाला चालला होता. तो खाली उतरला आणि सायकल हातात धरून चालू लागला. शाळेतून परतणाऱ्या दोन मुली पळता पळता चालायला लागल्या. न्हाव्याने वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावरून उचलला, आणि गिऱ्हाइकाने, मला वाटतं, कधीपासून धरून ठेवलेला श्वास सोडला. कोपऱ्यावरच्या दुधाच्या दुकानापर्यंतचा सगळा रस्ता एक मिनिटभर हळू झाला, ऊनसुद्धा जरा थांबल्यासारखं वाटलं. आई म्हणाली, "हेच." मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, वहिनीचा आवाज माझ्यापेक्षा बारीक होता, नाही? तेव्हा मामा, हे नाव ठेवलं तर चालेल का, हे मला तुम्हाला विचारायचं आहे. शब्द मामीचा आहे, म्हणजे आता तुमचाच.

चिन्हाची कथा याहून लांब आहे. चहा घेऊन बसा. अर्जात लिहिलं होतं की चिन्ह शंभर ठिपके रुंद आणि पन्नास ठिपके उंच हवं. पडद्यावर ते करंगळीच्या नखाएवढं दिसतं, त्याहून तसूभरही मोठं नाही. मला चित्र काढता येत नाही, म्हणून मी आमच्या गल्लीतल्या पेंटरकडे गेलो. इथल्या सगळ्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या आहेत, आमचीसुद्धा. (आमच्या पाटीवर चष्म्यातून बघणारे दोन डोळे आहेत, त्यातला डावा किंचित तिरळा आहे. डॉक्टरांनी तक्रार केली तेव्हा तो म्हणाला, म्हणूनच तर तो चष्म्याच्या दुकानात आला आहे.) जे रस्त्याच्या पलीकडून दिसत नाही ते चित्रच नव्हे, असं त्याचं ठाम मत. नखाएवढं हवंय म्हटल्यावर त्याने माझ्याकडे जरा दयेने बघितलं आणि समजावलं की लहान काढायचं तर आधी मोठं काढावं लागतं. मग त्याने बंद पडलेल्या एका औषधाच्या दुकानाची जुनी पाटी काढली, ती दरवाजासारखी उभी केली आणि तिच्या मागच्या बाजूला सोंगटीसारखा, बाजूला बघणारा घोडा काढायला घेतला.

तीन आठवडे तो घोडा चालला होता. दुकानातून परतताना मी रोज तिथे जाऊन बसायचो. आयाळीचा एकेक केस वेगळा होता. घोड्याला पापण्या असतात हे मला या वयात कळलं. डोळ्याच्या बुबुळात त्याने अख्खा पट उमटवला होता, आणि सगळ्यात शेवटी, खाली, घोड्याच्या मानेला टेकून, खरा पट, चौसष्ट घरांचा, घरं दोनदा मोजलेली. पुरं झालं म्हणून त्याने मला बोलावलं आणि मी रंगाच्या डब्यावर बसून बघितलं. मामा, पटाचं उजव्या हाताचं कोपऱ्यातलं घर काळं होतं! तुम्ही मला पहिल्याच दिवशी दुसरं काही शिकवायच्या आधी शिकवलं होतंत की उजव्या हाताला पांढरं घर, ते चुकलं तर पुढचं सगळं चुकलं. मी पेंटरला सांगितलं. तो म्हणाला, "घरं चौसष्ट आहेत ना? मग झालं की." मी म्हटलं, अरे, अकराजण हसतील. त्याने ब्रश पुसला, पाटीला दोन्ही हातांनी धरून आडवी केली, आणि म्हणाला, "आता?"

कोपरा पांढरा झाला होता. पाटी उंचीच्या दुप्पट रुंद झाली होती, अर्जात मागितली होती अगदी तशी. आणि घोडा पाठीवर पडला होता. उभा असताना तो चार घोड्यांसारखाच घोडा होता, नाकपुड्या फुगवून समोरच्याला दटावणारा. आडवा झाला तसा त्याचा सगळा ताठा उतरला. आयाळ पसरून तो वर आकाशाकडे बघत निवांत पडला होता, आणि घाईने कुठे जायचं आहे असं त्याच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. (हे पहिल्यापासून आपल्या मनात होतं असं पेंटर म्हणतो. मी वाद घातला नाही.) आम्ही दोघं डब्यांवर बसून घोडा बघत होतो, बघता बघता वर बघायला लागलो. पेंटरच्या शेडला पत्र्याचं छप्पर आहे, त्याला एक भोक आहे, आणि त्या भोकातून ढगाचा एक तुकडा दिसत होता. तो तुकडा जाऊन दुसरा येईपर्यंत आम्ही तिथेच होतो.

मग मी पाटीचा फोटो काढला आणि शंभर ठिपक्यांत बसवला. केस गेले, पापण्या गेल्या, पट राखाडी झाला. मला तरी घोडा दिसत होता, पण मला तो माहीतच होता, त्यामुळे माझ्या दिसण्याला किंमत नाही. खात्री करायची तर तिऱ्हाइताचे डोळे हवेत, आणि तिऱ्हाइतांचे डोळे आमच्या दुकानात दिवसभर येत असतात. मी मागच्या खोलीत काचा घासतो, डॉक्टर पुढच्या खोलीत नंबर काढतात. सकाळी डॉक्टर यायच्या आधी मी तो घोडा छापून भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याखाली चिकटवला, शेवटच्या ओळीच्या खाली. डॉक्टरांना सांगितलं नाही. (तुम्ही म्हणाल, का नाही सांगितलं. सांगितलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं, म्हणून.) पहिला माणूस सगळ्या ओळी बिनचूक वाचत गेला आणि शेवटी म्हणाला, "आणि बूट." डॉक्टरांनी त्याचा नंबर अर्ध्याने वाढवला. दुसऱ्याला किटली दिसली. तिसरीला झारी. चौथ्याने विचारलं की हा डॉक्टरांचा फोटो आहे का. दुपारपर्यंत डॉक्टरांची खात्री पटली की गावात डोळ्यांची कसलीतरी साथ आली आहे, आणि ते घाबरून स्वतःचे डोळे तपासायला तक्त्यापाशी गेले. मग त्यांनी मला माझ्या पूर्ण नावाने हाक मारली. तशी हाक ते एरवी फक्त रजा नाकारताना मारतात.

मी तो कागद काढायलाच गेलो होतो, पण तपासणीच्या खुर्चीत एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, संगीत शिकवणाऱ्या. जुना चष्मा काढून मांडीवर ठेवलेला, नवा अजून लागायचा होता. त्यांना पहिलं मोठं अक्षरसुद्धा दिसेना. डॉक्टरांनी विचारलं, काहीच दिसत नाही का हो? त्या म्हणाल्या, "अक्षरं नाही दिसत. पण तिथे खाली कुणीतरी उताणं पडून वर बघतंय. किती निवांत आहे हो ते!" डॉक्टरांनी त्यांना काचा लावल्या. त्या सगळ्या ओळी घडाघडा वाचत खाली आल्या, थांबल्या, आणि म्हणाल्या, "अय्या, बूट होय." त्यांचा चेहरा इतका उतरला की डॉक्टरसुद्धा वरमले. बाईंनी काचांची फ्रेम स्वतःच्या हाताने डोळ्यांवरून उतरवली आणि पुन्हा तिकडे बघत बसल्या. मी दारात उभा होतो, हातात ओली काच होती, आणि मला तुमची आठवण झाली. पुढचं स्पष्ट दिसत नसेल तरी काहीतरी दिसत असतंच, कदाचित चांगलंच दिसत असतं, हे मला तुम्हाला त्या दिवशी सांगायला हवं होतं. नंबराची बडबड करण्यापेक्षा ते बरं झालं असतं. तेव्हाच ठरवलं की चिन्ह हेच. ज्यांची नजर चोख आहे त्यांना खुशाल बूट दिसू दे.

असो. पत्र फारच लांबलं. मोठी पाटी पेंटरने मला भेट दिली. ती जिन्याच्या वळणात अडकली आहे, वरही येत नाही आणि खालीही जात नाही, त्यामुळे इमारतीतली सगळी मंडळी गेले चार दिवस घोड्याच्या मानेखालून ये-जा करतात. बायको तुम्हाला नमस्कार सांगते. ताईला सांगा, गुडघ्याला तेल चोळून घ्यायला तुम्ही कुरकुर करता ते मला कळलं आहे.

तुमचा भाचा,
ढापण्या

ता. क. नावाबद्दल वर परवानगी मागितली आहे, ती द्यायची तसदी घेऊ नका. अर्जाची मुदत गेल्या सोमवारी संपली. "सावकाश" हे नाव यादीत छापूनही आलं. लेखकाच्या रकान्यात दोन नावं आहेत, पहिलं तुमचं, कारण चाली तुमच्या. ओरडायचं असेल तर रविवारी ताईच्या फोनवरून ओरडा. दुकानात फोन केलात तर तो डॉक्टर उचलतात, आणि ते सध्या माझ्यावर आधीच ओरडत आहेत.

आणखी एक ता. क. स्पर्धा तुमच्याच गावी आहे हे लिहायचं राहिलं. येत्या महिन्याचा दुसरा शनिवार, वाचनालयाच्या वरचा हॉल, तुमच्या घरापासून चालत दहा मिनिटं. जिन्याला कठडा आहे, ताई जाऊन बघून आली. हे आयोजक जुन्या वळणाचे, त्यांना पट लाकडीच हवा. म्हणून प्रत्येक इंजिनाशेजारी एक माणूस बसतो, पडद्यावर चाल आली की ती आपल्या हाताने पटावर खेळतो आणि घड्याळ दाबतो. त्या माणसाला ते "हात" म्हणतात. बुटाच्या प्रकरणामुळे मला रजा मिळालेली नाही, तेव्हा त्या रकान्यात मी तुमचं नाव लिहिलं आहे. तुम्हाला खेळायचं नाही, विचार करायचा नाही. सोंगटी उचलायची आणि सांगितलं तिथे ठेवायची, बास. एवढं माझ्यासाठी कराल ना, मामा?

शेवटचा ता. क. नियमावलीतलं सातवं कलम तेवढं वाचून ठेवा. इंजिन मध्येच अडकलं तर डाव बाद होत नाही. पुढच्या चाली "हाताने" स्वतःच्या डोक्याने खेळून डाव पुरा करायचा. घोडा पडद्यावर आणायच्या खटपटीत माझ्याकडून काहीतरी बिघडलं आहे. तेव्हापासून आमचं इंजिन बाराव्या चालीला थांबतं, पट पुन्हा बघायला लागतं आणि मग नुसतं बघतच राहतं. चूक मला परवा सापडली. एका ओळीची आहे, दुरुस्त करायला मिनिटसुद्धा लागणार नाही. मी ती तशीच ठेवली आहे.